छाती कमी करण्याच्या ऑपरेशननंतर माप किती होतं? टेप, ग्रॅम आणि वर्षभराची वही

ऑपरेशनआधी मी ४० डी घालत होते, आता ३६ सी घालते. हे ऐकल्यावर माझी मावसबहीण म्हणाली, "एवढं सगळं करून एकच अक्षर खाली आलीस होय गं?" कागदावर तिचं बरोबर होतं, डीचं सी झालं होतं. ऑपरेशनच्या कागदावर मात्र डॉक्टरांनी लिहिलं होतं, उजवीकडून ७८० ग्रॅम आणि डावीकडून ७३०. म्हणजे दीड किलोला वर दहा ग्रॅम. बाजारात दीड किलो कांदे पिशवीत घेऊन बघा.

ब्रेस्ट रिडक्शन करून घ्यायचं मनात आलेल्या बाईचा पहिला प्रश्न "मग माझा साइज काय होईल?" हाच असतो आणि तिला उत्तर अक्षरात हवं असतं. तिथेच घोटाळा सुरू होतो. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. वयाच्या ४१व्या वर्षी पुण्यात माझं हे ऑपरेशन झालं आणि सवयच असल्यामुळे वर्षभर एका वहीत मापं लिहीत गेले. खालचं सगळं त्या वहीतून, डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नांतून आणि नंतर माझ्याकडे चौकशीला आलेल्या चार-पाच जणींशी झालेल्या बोलण्यातून आलंय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. त्यांनी तुम्हाला तपासलेलं असतं, मी नाही.

पायरी १. आधी स्वतःचं खरं माप काढा

आपल्याकडच्या पुष्कळ दुकानांत डी किंवा डीडीच्या पुढचा कप ठेवलेलाच नसतो. छाती मोठी असली की दुकानदार घेर वाढवत नेतो. ३६ पुरत नाही? ३८ घ्या. तीही नाही? ताई, ४० घालून बघा. मग मागचा पट्टा पाठीवर वर चढतो, सगळं वजन खांद्यावर येतं, खांद्यात खाचा पडतात, आणि आपण वर्षानुवर्षं चुकीचा आकडा हा आपलाच आकडा समजत राहतो.

माझं छातीखालचं माप ३५ इंच होतं आणि सगळ्यात भरलेल्या जागी ४४. जुन्या पद्धतीत छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून घेर काढतात. ३५ अधिक ५, झाले ४०. मग ४४ वजा ४०, चार इंच, म्हणून डी. हल्लीच्या पद्धतीत असं काही मिळवत नाहीत, विषम आला तर पुढच्या सम आकड्यावर नेतात, म्हणजे ३६. आता ४४ वजा ३६ करा. आठ इंच! दर इंचाला एक कप धरला (एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी) तर आठ इंचांचा कप दुकानातल्या तक्त्यावर सापडतच नाही. ऑपरेशननंतर त्या ४४चे ३९ झाले. ३९ वजा ३६, तीन, म्हणजे सी. मावसबहिणीला जे एक अक्षर वाटलं ते पाच कप होते.

शिवाय अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ३४ डी, ३६ सी आणि ३८ बी यांत मावणारा ऐवज जवळपास सारखाच असतो, फक्त घेर बदलतो. त्यात प्रत्येक कंपनीचं माप निराळं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की अक्षर बाजूला ठेवा आणि टेलरची टेप काढा.

पाळी सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात सकाळी तीन मापं घ्या. पहिलं छातीच्या अगदी खाली, श्वास सोडून, टेप घट्ट ओढून. दुसरं सगळ्यात भरलेल्या जागी. छाती ओघळलेली असेल तर एकदा उभं राहून आणि एकदा कमरेतून पुढे वाकून, दोन्ही लिहून ठेवा. तिसरं माप बायकांना माहीत नसतं पण डॉक्टर सगळ्यात आधी तेच घेतात, गळ्याखालच्या खळगीपासून निपलपर्यंतचं अंतर. पुस्तकात हे अंतर २१ सेंटिमीटरच्या आसपास धरतात, दोन-तीन इकडेतिकडे. माझं ३३ होतं. डॉक्टरांनी आकडा मोठ्यानं वाचला आणि शेजारच्या सिस्टरनं तो लिहून घेतला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या पाठदुखीला कुणीतरी पुरावा मानलं.

त्याच वहीत त्रासही लिहा. मान किती दिवस दुखते, खाचा, छातीखाली घामानं लाल होऊन खाजणारी कातडी, त्यासाठी लावलेली मलमं, फिजिओथेरपीच्या पावत्या. याचा उपयोग पुढे विम्याच्या वेळी होतो.

पायरी २. डॉक्टरांकडे "मला सी करून द्या" म्हणू नका

चांगला सर्जन कपाचं वचन देत नाही. जो छातीठोकपणे देतो त्याच्याकडून मी तरी उठून आले होते. याला कारण आहे आणि ते समजून घेतलं की अर्धी काळजी कमी होते.

बहुतेक वेळा या ऑपरेशनमध्ये निपल पूर्ण सुटं करत नाहीत. ते एका जिवंत, मांसल देठावर तसंच ठेवतात. त्या देठातून रक्त येतं, संवेदना येते, आणि तो देठ निपलसकट वर सरकवून बाकीचा भाग काढतात. डॉक्टर त्याला पेडिकल म्हणतात. देठ फार बारीक केला तर निपलला रक्त कमी पडणार. म्हणजे किती लहान करता येईल याला एक मर्यादा आहे आणि ती डॉक्टरांच्या इच्छेवर चालत नाही, रक्तपुरवठ्यावर चालते. छाती अतिशय मोठी आणि खूप ओघळलेली असेल तर कधी कधी निपल काढून कातडीसारखं पुन्हा लावावं लागतं. तसं असेल तर तिथली संवेदना आणि पुढे अंगावर पाजणं या दोन्हींवर पाणी सोडावं लागतं. तुमच्या बाबतीत ती शक्यता आहे का, हे स्पष्ट विचारा.

दुसरी गोष्ट तुमच्या बरगड्यांची रुंदी. रुंद छातीच्या बाईवर लहान स्तनही रुंदच बसतात. तिसरी गोष्ट, स्तन कशाचे बनलेत. तरुण वयात ग्रंथींचा भाग जास्त असतो, ते घट्ट आणि जड लागतात. पाळी गेल्यावर चरबीचा वाटा वाढतो. एका कपाला साधारण १५० ते २०० ग्रॅम असं ढोबळ बोललं जातं, पण घेर वाढेल तसा एका कपामागचा ऐवजही वाढतो. त्यामुळे ३२ घेराच्या मुलीचे ३०० ग्रॅम डोळ्यांत भरतात आणि ४० घेराच्या बाईचे ३०० ग्रॅम शेजारणीच्या लक्षातही येत नाहीत. तुमच्या मैत्रिणीचे किती ग्रॅम काढले यावरून स्वतःचा अंदाज बांधू नका.

मग विचारायचं काय? मी विचारलं होतं ते असं. दोन्हीकडून अंदाजे किती ग्रॅम काढाल? देठ कुठल्या बाजूचा ठेवाल? चिरा कशा असतील, निपलभोवती आणि खाली सरळ एकच रेघ, की तिच्या खाली आडवीही, उलट्या टीसारखी? काखेच्या बाजूची चरबी लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं ओढून, काढणार का? (हे जरूर विचारा. पुढून लहान झालं आणि बाजूची वळकटी तशीच राहिली तर आरशात काहीच कमी झाल्यासारखं वाटत नाही.) काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवणार ना? आणि आधी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करायची का? चाळिशी उलटलेल्यांना ती बहुधा सांगतातच.

मग डॉक्टरांनी मला एक उलटा प्रश्न केला, "थोडी मोठी राहिली तर जास्त वाईट वाटेल, की थोडी लहान झाली तर?" हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्हीच उत्तर तयार ठेवून सांगा. मी म्हणाले, मोठी राहिली तर. त्यांनी ते फाइलवर लिहिलं. "सी" या अक्षरापेक्षा त्या एका वाक्यानं त्यांना जास्त कळलं असणार.

फोटो न्यायचे असतील तर आपल्याच उंचीच्या, आपल्याच खांद्यांच्या बायकांचे न्या. पडद्यावरच्या नट्यांचे नेऊन उपयोग नाही.

डॉक्टर शोधताना नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते बघा. "कॉस्मेटिक" ही पाटी कुणीही लावतं. खासगीत परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, जे. जे. आणि पुण्यात ससून अशा सरकारी-पालिका रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, तिथे ओपीडीला दाखवता येतं.

विम्याचं थोडक्यात सांगते. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत "एक्स्क्ल ०८" हे ठरावीक कलम असतं. दिसणं बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्यात वगळलेली असते; अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना किंवा तब्येतीला थेट धोका असल्यामुळे गरजेचा झालेला उपचार चालतो, आणि ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. म्हणून वही, पावत्या, कातडीचे फोटो. मंजुरी आधी लेखी घ्या, फोनवरच्या "होऊन जाईल मॅडम"वर जाऊ नका. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मैत्रिणींना आणखी एक गोष्ट भेटते, श्नूर तक्ता. १९९१ साली निघालेला हा तक्ता शरीराच्या आकारमानावरून किती ग्रॅम काढले तर ऑपरेशन गरजेचं म्हणायचं ते सांगतो आणि तिथल्या अनेक विमा कंपन्या तोच धरतात. विमा मिळवण्यापुरते ग्रॅम काढायचे म्हणून हवं त्यापेक्षा लहान व्हावं लागतंय का, हे तिथे डॉक्टरांना आधीच विचारावं.

आणि तंबाखू. सिगारेट आपण ओढत नाही म्हणून बायका हा प्रश्न सोडून देतात, पण मिश्री लावणाऱ्या किती जणींना ती तंबाखू वाटते? निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात आणि वर सांगितलेल्या त्या देठालाच रक्त कमी पडतं. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत मिश्री, गुटखा, सिगारेट सगळं बंद. लावत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. साखर असेल तर तीही ताब्यात आणून मगच तारीख घ्या.

पायरी ३. ऑपरेशनच्या सकाळी

भूल द्यायच्या आधी डॉक्टर तुम्हाला उभं करून छातीवर मार्कर पेननं रेघा मारतात. उभंच करतात, कारण आडवं झालं की छाती बाजूला पसरते आणि माप चुकतं. मला खांदे सैल सोडा म्हणाले. गळ्याच्या खळगीपासून टेप, मध्यावर रेघ, छातीखालच्या घडीत बोट घालून तिची पातळी पुढून कुठे येते ती खूण. निपल साधारण त्या पातळीवर बसवतात. निपलभोवतीच्या काळ्या वर्तुळासाठी गोल साचा ठेवतात, तो चार सेंटिमीटरच्या आसपासचा. मोठ्या छातीत ते वर्तुळही ताणून मोठं झालेलं असतं, तेही लहान होतं. आरशात पाहिलं तर मी ब्लाऊजपीससारखी दिसत होते.

ती उपमा उगाच सुचली नाही. उलट्या टीच्या या पद्धतीचा नमुना रॉबर्ट वाइज या अमेरिकन सर्जनांनी १९५६ साली मांडला आणि तो ब्रा बेतण्याच्या नमुन्यांवरून घेतलेला आहे. नंतर मी माझ्या टेलरताईंना व्रण कसे आहेत ते बोटानं हवेत काढून दाखवलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे खालून टक्स मारलाय, आणि जादाची माया कापून टाकलीय." डॉक्टरांनी दोन भेटींत समजावलेलं त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

ऑपरेशनला साधारण दोन ते चार तास लागतात. एखादा दिवस मुक्काम, कधी बाजूला नळ्या, त्या एक-दोन दिवसांत काढतात. याविषयी तुमच्या हॉस्पिटलमध्ये सांगतीलच.

पायरी ४. पहिलं वर्ष, आणि "हे असंच राहणार का?"

पट्टी सुटली तेव्हा आई शेजारी होती. तिनं पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे असंच राहणार का गं?" वरून फुगलेले, खालून चपटे, पुढून जवळजवळ चौकोनी, आणि हनुवटीकडे सरकल्यासारखे उंच. खालच्या टाक्यांच्या रेघेवर चुण्या, परकराच्या नाडीसारख्या. मी डॉक्टरांकडून हे आधी ऐकलं नसतं तर त्या दिवशी मीही घाबरले असते.

हा आकार तात्पुरता असतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. खालची कातडी पुढच्या महिन्यांत सैलावणार, वजन थोडं खाली उतरणार, वरचा फुगीरपणा ओसरून खालचा भाग भरणार, हे धरूनच डॉक्टर बेततात. पहिल्याच दिवशी सुबक गोल केलं तर वर्षानं ते पुन्हा ओघळलेलं दिसेल. नव्या चपला घट्ट घ्याव्या लागतात, तसं.

सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त वाटते. बरीचशी सहा आठवड्यांत उतरते, उरलेली रेंगाळते. माझ्या वहीतले भरलेल्या जागेचे आकडे असे आहेत. सहा आठवड्यांनी साडेचाळीस इंच, तीन महिन्यांनी साडेएकोणचाळीस, सहा महिन्यांनी ३९, वर्षानं ३९च. मध्ये एकदा पाळीच्या आधी मी मोजलं तर अर्धा इंच वाढलेलं! रात्रभर झोप नाही. पाळी आल्यावर परत उतरलं. म्हणून सांगते, महिन्यातून एकदाच मोजा, सकाळी, पाळीनंतरच्या आठवड्यात. रोज मोजणारी बाई रोज वेगळी काळजी घेऊन झोपते.

दोन्ही बाजू एका वेगानं उतरत नाहीत. माझी उजवी दोन महिने मोठी दिसत होती, मग जवळपास सारख्या झाल्या. जवळपास म्हणते, कारण थोडा फरक राहतोच. तो ऑपरेशनच्या आधीही होता, फक्त तेव्हा तो बघायला आपल्याला फुरसत नव्हती. फरक खरंच खटकणारा असेल तरी दुरुस्तीचा विचार सहा महिने ते वर्षभरानंतरच करतात, सूज असताना कुणी हात लावत नाही.

वजनकाट्याची गंमत ऐका. दीड किलो काढलं म्हणून मी आठवड्यानं काट्यावर चढले. आधीपेक्षा ४०० ग्रॅम जास्त! सलाइनचं पाणी, सूज, वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ नाही, आणि आईच्या हातचा शिरा. महिन्याभरानं आकडा उतरला. पाठ आणि खांदे मात्र काट्यासारखे थांबले नाहीत. घरी आल्यावर पहिल्यांदा उभी राहून भाजी चिरली तेव्हाच मान मोकळी वाटत होती. खांद्यांवरच्या जुन्या खाचा भरत आल्यात, पण खूण राहिली आहे.

घरच्या कामांचं आधी ठरवून ठेवा. बसून करायच्या नोकरीवर साधारण दोन आठवड्यांनी जाता येतं. पण चार ते सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. भरलेला कुकर, पाण्याची बादली, सिलिंडर सरकवणं, अंगावर झेपावणारं मूल, यातलं काहीही नाही. वरच्या फळीवरचे डबे आधीच ओट्यावर काढून ठेवा. स्कूटी डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. खड्ड्यातून गेल्यावर का बंद ते समजतं. पालथं झोपणं विसरा. मी लोडाला टेकून अर्धवट बसून झोपायचे.

उलट्या टीच्या दोन रेघा जिथे मिळतात तिथे कातडीवर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छोटी जखम उघडणं बऱ्यापैकी होतं. माझीही पावलीएवढी उघडली होती. ड्रेसिंग करत करत तीन आठवड्यांत भरली आणि अंतिम मापावर तिचा काही परिणाम झाला नाही. डॉक्टरांना दाखवायची मात्र लगेच.

निपल बधिर असणं, मुंग्या येणं, अचानक वीज चमकल्यासारखी कळ जाणं हे महिनोन्महिने चालतं. काहींची संवेदना परत येते, काहींची कमीच राहते. व्रण आधी लाल-जांभळे, मग तपकिरी, आणि ते निवळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. कान टोचल्यावर किंवा भाजल्यावर गाठीसारखा व्रण येण्याची तुमची प्रकृती असेल तर ते आधीच सांगा.

पायरी ५. ब्रा कधी, ब्लाऊज कधी

सुरुवातीला डॉक्टर सांगतील ती पुढून उघडणारी, तार नसलेली सर्जिकल ब्रा, रात्रंदिवस. दोन घ्या. माझं ऑपरेशन जुलैत झालं आणि धुतलेली वाळेना, तेव्हा दुसरीसाठी धावपळ झाली. ती छातीखालच्या घेरावरून निवडायची आणि हुकांच्या दोन-तीन रांगा असलेली, म्हणजे सूज उतरेल तशी आवळता येते. चार-सहा आठवड्यांनंतर मऊ स्पोर्ट्स ब्रा. तारेची ब्रा मी तरी तीन महिने विकत घेतली नाही, कारण तार नेमकी त्या आडव्या व्रणावर बसते.

चांगल्या, महागड्या ब्रा सहा महिन्यांच्या आत घेऊ नका. दुसऱ्या महिन्यात उत्साहानं घेतलेल्या चार ब्रा माझ्या कपाटात आहेत, वरून तंग आणि खालून रिकाम्या. आधी एक घ्या, महिनाभर वापरा. दुकानात गेल्यावर जुना आकडा सांगू नका, टेप लावून घ्या, आणि सेल्सगर्लनं घेर वाढवायला सांगितलं तर आता तुम्हाला कारण माहीत आहे.

ब्लाऊजचं वेगळं आहे. लग्नसराई थांबत नाही. माझ्या भाचीचं लग्न ऑपरेशननंतर चार महिन्यांनी होतं. टेलरताईंनी जुनेच दोन ब्लाऊज उसवून आत घेतले आणि नव्या पैठणीचा शिवला तो बाजूच्या शिवणीत भरपूर माया सोडून, प्रिन्सेस कटचा. कटोरी त्यांनी शिवू दिली नाही. कटोरीत टोक नेमकं बसावं लागतं आणि चार महिन्यांवर टोक अजून खाली यायचं असतं. वर्ष झाल्यावर त्याच मायेतून त्यांनी तो नीट बसवून दिला. जुन्या ब्लाऊजचं माप देऊन नवा शिवायची सवय असेल तर ती या वर्षापुरती मोडा. खांदा, मुंढा, गळा तेच राहतात, पण टक्सची उंची पूर्ण बदलते.

पायरी ६. हे दिसलं तर थांबू नका

पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगून कडक झाली आणि ठणकायला लागली, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. रात्र असली तरी फोन करा. निपल किंवा त्याभोवतीचं वर्तुळ निळं-काळं किंवा अगदी पांढरं पडलं तरी तसंच. ताप, पू, पसरत जाणारी लाली, ही संसर्गाची लक्षणं. पोटरी सुजून दुखणं किंवा दम लागणं, छातीत कळ, हे रक्ताच्या गुठळीचं असू शकतं, त्याला सरळ इमर्जन्सी गाठायची. "सूज असणारच" म्हणून यातलं काही घरी बसून बघत राहायचं नाही.

काही महिन्यांनी आत कडक गाठ लागली तर ती बहुधा रक्त न मिळालेल्या चरबीची असते, पण बहुधावर राहू नका, तपासून घ्या.

पायरी ७. पुढच्या वर्षांत माप बदलतं का?

बदलतं. काढलेला भाग परत येत नाही, पण उरलेल्या स्तनात चरबी आणि ग्रंथी असतातच. वजन वाढलं की तिथेही वाढतं. गरोदरपणात, हार्मोनच्या गोळ्यांनी, पाळी जाण्याच्या काळातही फरक पडतो. म्हणून वजन कमी करायचंच असेल तर आधी करा, काही महिने एका जागी टिकवा आणि मग ऑपरेशन. नंतर दहा-बारा किलो उतरवलंत तर छाती पुन्हा सैल पडेल आणि मेहनतीनं बेतलेला आकार जाईल.

कॉलेजातल्या मुली आयांबरोबर येतात तेव्हा त्यांना एवढंच सांगते की माप किमान वर्षभर वाढलेलं नसावं. वाढ चालू असताना केलं तर पुन्हा वाढू शकतं. मूल व्हायचं असेल तर पाजण्याचा प्रश्न आधीच मोकळेपणानं काढा. देठ ठेवून केलेल्या ऑपरेशननंतर पुष्कळ जणी थोडंफार पाजू शकतात, वरचं दूध द्यावं लागू शकतं, आणि कुणी खात्री देत असेल तर ती खात्री नसते. ज्या मुलीची मान रोज दुखते तिनं न झालेल्या बाळासाठी दहा वर्षं थांबावं असंही मला वाटत नाही. तो हिशेब तिचा.

वर्षभरानं डॉक्टरांना विचारून एकदा मॅमोग्राफी करून घ्या आणि ती फिल्म जपून ठेवा. आतल्या व्रणांमुळे चित्र बदललेलं असतं आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला तुलना याच फिल्मशी होते. तपासणीच्या फॉर्मवर ऑपरेशनचं वर्ष आणि दोन्हीकडचे ग्रॅम लिहा. मी ते डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्सवरून उतरवते. मूळ कार्ड पावसात भिजून त्यावरचं ७३० आता ७८०सारखं दिसतं.